अॅस्टरची रोपं भर दुपारी माना टाकतायत, पाणी वाढवूनही फरक नाही, हा मर रोगच आहे का?

डोंगरकडा_२०गुंठे

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून सगळं एकदमच लिहितो. पुरंदर तालुक्यात २० गुंठे अॅस्टर आहे, बहुतेक फुले गणेश पिंक आणि कडेच्या चार बेडवर व्हाईट. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागण केली, दसऱ्याला पहिला तोडा सापडावा असा हिशोब. रोपं अशी जोमात होती की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. आता कळ्या भरल्यात आणि नेमकी पावसाने उघडीप दिली, ऊन चटकायला लागलं, तशी वरच्या कोपऱ्यातली रोपं दुपारी बारा-एकला माना टाकायला लागली. संध्याकाळी परत ताठ, सकाळी तर काही झालंच नाही अशी.

मला वाटलं पाणी कमी पडतंय. ड्रिप ४५ मिनिटं चालवत होतो ते दोन तास केलं. चार दिवसांनी उलटंच झालं, जी संध्याकाळी उठत होती ती उठायची बंद झाली. दुकानदाराने ह्युमिक, १९:१९:१९ खत आणि एक बुरशीनाशक दिलं, सगळं सोडून झालं, दोन हजार गेले. आजच्या तारखेला साधारण ३०० रोपं खल्लास.

एक गोष्ट विचित्र दिसली. खालच्या काही पानांचा अर्धा भाग पिवळा आणि अर्धा हिरवागार, मधली शीर धरून पट्टीने रेघ मारल्यासारखा. आणि काही रोपांची एकच फांदी वाळलीय, तिच्या शेजारच्या फांदीवर फूल उमलतंय. त्याच बुडख्याला, त्याच पाण्यावर!

जमीन मध्यम काळी, खाली मुरूम. आणि हो, त्याच जागेत अॅस्टरचं हे तिसरं वर्ष (शिव्या घाला, ऐकून घेतो).

मला औषधाचं नाव नकोय, ते दुकानदार रोज नवीन सांगतो. मला एवढंच कळत नाहीये की मुळाशी चिखल आहे आणि झाड तहानेने मरतंय, हे होतंय कसं?

आबा_वाघोली

आधी एक रोप उपटून मुळं बघा. हुमणी (मुळं खाणारी अळी) असेल तर मुळं कुरतडलेली दिसतील आणि रोप हातात अलगद येईल. आमच्याकडे मागच्या साली लोकांनी हुमणीला मर समजून बुरशीनाशकं ओतली, अळ्या मजेत होत्या. आणि ते दोन तास पाणी आजच्या आज बंद करा राव.

बुडखा_ते_शेंडा

दादा, तुमचं वर्णन वाचून ९० टक्के मरच वाटतेय, पण आबा म्हणतात ते आधी करा. मी वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी केलंय आणि सध्या नोकरी वेगळीच आहे, त्यामुळे असा प्रश्न आला की हात शिवशिवतात, लांबलचक लिहिणार आहे, सोसून घ्या.

पहिल्यांदा तीन गोष्टी करा, खर्च शून्य. एक, नुकतंच माना टाकायला लागलेलं रोप घ्या, पूर्ण वाळलेलं नको, वाळलेल्यावर दहा प्रकारच्या फुकट्या बुरश्या येऊन बसतात. जमिनीलगत खोड तिरकं कापा आणि साल जराशी सोला. सालीच्या आत, लाकडाच्या भागात, चहाच्या डागासारखी तपकिरी वर्तुळाकार रेघ किंवा ठिपके दिसले तर जलवाहिन्यांचा रोग. दोन, कापलेला तुकडा स्वच्छ काचेच्या ग्लासात पाण्याला टेकवून धरा, पाच-दहा मिनिटं हलवू नका. दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर, नाही उतरला तर बुरशीकडे संशय. तीन, बुडख्याचा तुकडा ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस ठेवा. अॅस्टरच्या फ्युजेरियममध्ये बुडख्यावर फिकट गुलाबीसर बुरा येतो. कधीकधी शेतातच दिसतो, दव असताना सकाळी बघा.

आता तुमचा खरा प्रश्न.

ही बुरशी म्हणजे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. हिचे पोटप्रकार पिकागणिक वेगळे. अॅस्टरवरचा कॅलिस्टेफी, कार्नेशनवरचा डायन्थी, शेवंतीवरचा क्रिसॅन्थेमी, ग्लॅडिओलसवरचा ग्लॅडिओली. दिसायला सगळे सूक्ष्मदर्शकाखाली भावकीतलेच, पण प्रत्येकाचं घर ठरलेलं. मातीत ती जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहते. अॅस्टरचं मूळ जवळ आलं, मुळातून जे साखर-आम्लं पाझरतात त्याचा वास लागला की कवच फोडून उगवते. मुळाच्या टोकाच्या कोवळ्या भागातून, जिथे उपमुळी फुटताना साल फाटते तिथून, नाहीतर सूत्रकृमीने (मातीतला डोळ्यांना न दिसणारा बारीक जंत) केलेल्या भोकातून आत घुसते. आणि मग ती मूळ सडवत बसत नाही, हा हिच्यातला आणि मूळकूज आणणाऱ्या फायटोफ्थोरातला मोठा फरक. ती सरळ मधल्या जलवाहिनीत जाते.

जलवाहिनी म्हणजे मेलेल्या पेशींची पोकळ नळी. तिच्यातून पाणी पंपाने चढत नाही, पानातून वाफ होते आणि त्या ओढीने खालचं पाणी वर खेचलं जातं, अखंड दोरीसारखं. बुरशीला ही आयती लिफ्ट. ती नळीत बारीक बीजाणू सोडते, पाण्याबरोबर ते वर जातात, नळीच्या जोडाच्या जाळीला अडकतात, तिथे रुजतात, जाळीपलीकडे तंतू घालतात आणि पुढे परत बीजाणू सोडतात. एसटीसारखं, स्टँड टू स्टँड.

इथपर्यंत बुरशीने काही नळी बुजवलेली नसते बरं का. तिचे तंतू इतके नसतात. नळी बुजवतं मुख्यतः झाड स्वतः. नळीच्या शेजारच्या जिवंत पेशींना कळतं की आत चोर शिरलाय, तर त्या नळीच्या भिंतीतल्या छिद्रातून फुग्यासारख्या आत फुगतात, टायलोसिस म्हणतात त्याला, आणि वर डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात. शिवाय फिनॉलसारखी द्रव्यं सोडतात, ती ऑक्सिडाइज होऊन तपकिरी होतात. तुम्ही खोड कापल्यावर जी तपकिरी रेघ बघाल ती या लढाईची राख आहे, कापलेलं सफरचंद लाल पडतं त्यातला प्रकार. बुरशीची विकरं (एन्झाइम) भिंतीतलं पेक्टिन, म्हणजे पेशी जोडणारा चिकट पदार्थ, विरघळवतात, त्याचा गाळ वेगळाच.

आता गणित बघा. नळीतून वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घातावर असतं. म्हणजे नळीचा व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा होतं! आणि सगळ्यात जास्त पाणी नेणाऱ्या मोठ्या नळ्या गेल्या तर उरलेल्या बारक्या नळ्यांच्या जीवावर झाड किती दिवस काढणार.

म्हणून दुपारची मान. सकाळी पानांची मागणी कमी, उरलेल्या नळ्या भागवतात. दुपारी मागणी कितीतरी पट, पुरवठा तेवढाच, पेशींतला ताठरपणा जातो, मान पडते. रात्री वाफ थांबते, मुळं हळूहळू भर घालतात, रोप उठतं. पण रोज दुपारी त्या पाण्याच्या दोरीवर ताण वाढतो, ताण फार झाला की दोरी तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी पण बाद. एक दिवस असा येतो की रात्रीची भर पुरत नाही. तुमची रोपं चार दिवसांनी उठायची थांबली ती अशी.

आणि वर ते दोन तासांचं पाणी. मातीतली हवा गेली, मुळांना प्राणवायू नाही, प्राणवायू नाही तर मूळ पाणी आत घेऊच शकत नाही. वरची नळी बंद आणि खालचं तोंडही बंद. टाकी भरून वाहतेय म्हणून वरच्या मजल्यावर पाणी येत नसतं, मधला पाइप चुन्याने भरलाय.

अर्धं पान पिवळं का, तर पानाच्या डाव्या अर्ध्याला येणाऱ्या शिरा खोडाच्या एका बाजूच्या नळ्यांतून येतात आणि उजव्याला दुसऱ्या. बुरशी एका बाजूच्या मुळातून चढली की तीच बाजू उपाशी. तुमची ती एक वाळलेली फांदी आणि शेजारी उमललेलं फूल हेच सांगतंय. पाणी कमी पडून कधी अर्धं पान पिवळं होत नाही, तुटवडा अख्ख्या झाडाला पडतो. माझ्या लेखी तुमच्या अख्ख्या पोस्टमधला सगळ्यात मोठा पुरावा ते पान आहे.

गच्चीतली_बाग_ठाणे

वाचून थक्क! माझ्या कुंडीतल्या शेवंतीचं गेल्या वर्षी अगदी हेच झालं आणि मी रोज पाणी घालून घालून तिला मारली असं आता वाटतंय 😔 पण एक शंका, नळी बंद झाली म्हणून पान सुकतं हे कळलं, मग पिवळं का पडतं? नुसतं सुकायला हवं ना हिरवं असतानाच?

बुडखा_ते_शेंडा

ताई, चांगला प्रश्न. मुळं उपटली किंवा हुमणीने तोडली तर रोप हिरवंच सुकतं. मरमध्ये पिवळं आधी दिसतं कारण पाण्याचा तुटवडा हळूहळू येतो आणि जोडीला विष असतं.

तुटवडा कळताच मुळं आणि पानं अॅबसिसिक आम्ल बनवतात, त्या निरोपाने पर्णरंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, तोही थांबतो. म्हणजे रोप दिसायला ठणठणीत असतानाच प्रकाशसंश्लेषण घसरलेलं असतं. बाष्प उडालं नाही की पान तापतं, आपला घाम थांबल्यावर जसं होईल तसं. म्हणून थर्मल कॅमेऱ्यात रोगट रोप डोळ्यांना दिसायच्या आधीच गरम दिसतं, यावर बरंच काम झालंय. ऊन तर पडतच असतं, पकडलेल्या प्रकाशाचं करायचं काय हा प्रश्न, त्यातून घातक ऑक्सिजनचे रेणू तयार होतात आणि हरितद्रव्य जळायला लागतं. त्यात इथिलीन वाढतं, जे केळी पिकवतं तेच, ते पानाला सांगतं की म्हातारं हो. पिवळेपणा तिथून.

विषाचं म्हणाल तर फ्युजेरिक आम्ल. ते पेशींचं आवरण गळकं करतं, पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि पर्णरंध्रं उघडझाप करतात ती पोटॅशियमच्याच जोरावर. म्हणजे सुरुवातीला दारं मिटलेली, शेवटी शेवटी दारांचा ताबाच सुटलेला, पाणी येत नाही आणि आहे ते गळतंय. बंद नळ्या जास्त कारणीभूत की विष, यावर शास्त्रज्ञांची जुनी भांडणं आहेत. मी नळ्यांच्या पार्टीत, पण विष अगदी नाकारत नाही.

मावळ_पॉलिहाऊस

बुडखासाहेब, मस्त लिहिलंत, पण फुलाचं राहिलं की. आम्ही फुलाचे पैसे घेतो, पानाचे नाही 😀

माझं १० गुंठ्यांचं कार्नेशन होतं, आता जरबेरा आहे, यावरून काय ते समजा. कार्नेशनमध्ये मर आली की पहिल्यांदा फांद्या एका बाजूला वाकतात, पानं खालून गवताच्या काडीच्या रंगाची होतात. पण माझ्या लक्षात आधी आलं ते कळ्यांवरून. कळी भरलेली पण फुटायचं नाव नाही, फुटली तर अर्धवट, रंग फिका, दांडा पेनाच्या रिफिलसारखा बारीक. पाकळी उलगडते ती पेशीत पाणी आणि साखर भरून फुगते म्हणूनच ना, पाणी खालून येत नाही आणि साखर वरून बनत नाही, कळी कशाच्या जोरावर उघडणार.

आणि अजून एक फटका बसतो तो कुणी सांगत नाही. रोगाची सुरुवात असलेल्या झाडाचं फूल दिसायला ए ग्रेड असतं, तोडून पाठवलं आणि समोरच्याकडे बादलीत दोन दिवसांत मान टाकतं. दांड्यातल्या नळ्या आधीच अर्ध्या बुजलेल्या, बादलीतलं पाणी चढणार कुठून. व्यापारी म्हणाला कोल्ड चेन नीट नव्हती, मी म्हटलं गाडीवाल्याची चूक, भांडण झालं, महिन्याभराने बेडवर टक्कल पडायला लागलं तेव्हा उजेड पडला. डोंगरकडा दादा, कोपऱ्यातली फुलं चांगल्या जुड्यांत मिसळू नका, सुटी विका.

माझी चूक म्हणजे माती. बेडसाठी लाल माती बाहेरून आणलेली, फॉर्मेलिनने निर्जंतुक केली पण प्लास्टिक घाईत काढलं आणि पुढे एका बेडची माती दुसऱ्यावर चढवली. कार्नेशन बेडवर दोन वर्षं राहतं, बुरशीला पीएफ खात्यासारखी मुदत मिळाली.

एक विचारायचंय. माझ्या दोन व्हरायट्या शेजारी शेजारी होत्या, एक साफ गेली आणि दुसरीत शंभरात पाच-सात मेली. दोन्हींत बुरशी शिरली असणारच की. मग झाडच नळ्या बुजवतं तर दुसरी का नाही मेली?

बुडखा_ते_शेंडा

वा! यावरच कार्नेशनमध्ये खूप काम झालंय. फरक वेगाचा आहे. प्रतिकारक जातीत बुरशी शिरल्या शिरल्या, अगदी खाली बुडख्याशीच, त्या दोन-चार नळ्या डिंकाने पॅक होतात, भोवतीच्या पेशींच्या भिंती जाड होतात, बुरशीला मारक द्रव्यं तयार होतात (कार्नेशनमधल्यांना डायअँथ्रामाइड म्हणतात), आणि बुरशी तिथेच कोंडली जाते. मग ते झाड त्या जागेला वळसा घालून नवीन नळ्या बनवतं. बायपास सर्जरीच समजा.

बळी पडणाऱ्या जातीतही हेच सगळं होतं, पण उशिरा. तोवर बीजाणू तीन पेरं वर गेलेले असतात. मग झाड इथे बुजव, तिथे बुजव करत सुटतं आणि स्वतःचाच गळा आवळतं. दार वेळेत लावलं तर चोर पडवीत अडकतो, उशिरा लावलं तर चोर आत आणि घरचेही आत.

आणि कार्नेशनच्या या बुरशीच्याही रेस (पोटप्रकारातल्या उपजाती) असतात, जगभर जास्त आढळते ती रेस २. एका रेसला दाद न देणारी जात दुसरीला पडू शकते, म्हणून रोपं घेताना नुसतं प्रतिकारक म्हणाले तर कशाला प्रतिकारक ते विचारायचं.

डोंगरकडा_२०गुंठे

मंडळी, रिपोर्ट देतो.

हुमणी नाही, मुळं वरून बऱ्यापैकी शाबूत, पण पांढरी मुळी जवळपास नाही. काही मुळांना बारीक गाठी आहेत. खोड ब्लेडने तिरकं कापलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं, तपकिरी कडं स्पष्ट, साल सोलली तर रेघ बोटभर वर वर जात राहिलेली. आणि गंमत म्हणजे कडं पूर्ण गोल नाही, ज्या बाजूची फांदी वाळलीय त्या बाजूलाच गडद, दुसऱ्या बाजूला लाकूड पांढरं स्वच्छ. ग्लासात वीस मिनिटं धरलं, धागा-बिगा काही नाही.

माझी मुलगी नववीत आहे, तिने तुमच्या पोस्ट वाचल्या आणि स्वतःच प्रयोग लावला. जिलेबीचा लाल रंग पाण्यात कालवून त्यात व्हाईटच्या दोन काड्या, एक चांगल्या रोपाची आणि एक दुपारी मान टाकणाऱ्या रोपाची, दोन्हीला एकेक उमललेलं फूल. सकाळी आठला ठेवल्या. दुपारपर्यंत चांगल्या काडीच्या फुलाच्या पाकळ्यांना कडेने गुलाबी रेघा आल्या, संध्याकाळी फूल असं दिसत होतं की दादरला वेगळ्या भावाने विकलं असतं. रोगट काडीत रंग चार बोटं चढला आणि थांबला. वरची पाकळी पांढरी ती पांढरीच, पण मऊ पडलेली. काडी उभी चिरली तर जिथे रंग थांबला तिथून वर तपकिरी रेघ. बायको पण बघत उभी राहिली. इतके दिवस मी मुळाशी पाणी ओतत होतो आणि अडचण वीतभर वर होती.

पिशवीतला तुकडा उद्या उघडतो. आता सांगा, वाचवता येतील का?

आबा_वाघोली

पोरीला शेतीत ठेवा, तुम्ही दुकान टाका 😄

बुडखा_ते_शेंडा

दादा, तो प्रयोग भारीच. मुळं कापून टाकल्यावरही रंग चढला नाही, म्हणजे दोष मुळाच्या तोंडाशी नाही, नळीतच आहे, हे तुमच्या मुलीने सिद्धच केलं.

खरं सांगतो, मान टाकलेलं रोप वाचत नाही. कारण पण त्याच नळ्यांत आहे. कार्बेन्डाझिमसारखी आंतरप्रवाही औषधं मुळातून शोषली की पाण्याबरोबरच वर चढतात. पाणीच चढत नाही तिथे औषध कसं चढेल? आणि चढलं तरी नळीत बसलेले फुगे आणि डिंक ते विरघळवत नाही. दुकानदाराचं औषध खोटं होतं असं नाही, वेळ गेलेली होती. रोग आत शिरला तो बहुतेक ऑगस्टमध्येच, तेव्हा रोप लहान, ढगाळ हवा, पाण्याची मागणी कमी, म्हणून अर्ध्या नळ्यांवर भागलं. कळ्या भरताना पानं जास्तीत जास्त, मुळांची वाढ मंदावलेली, त्यात ऊन पडलं, तेव्हा उघडं पडलं. लोक म्हणतात उन्हाने मर आली, उन्हाने नुसती हजेरी घेतली.

तुम्ही विचारलंत तर मी असं करीन. गेलेली आणि मान टाकणारी रोपं मातीच्या गोळ्यासकट उपटून पोत्यात भरायची, शेतातून ओढत न्यायची नाहीत, बांधावर टाकायची नाहीत, उकिरड्यात तर अजिबात नाही, जाळायची. वरच्या कोपऱ्यातून सुरू झालंय म्हणता, उतार खाली असेल तर पावसाचं पाणी त्या बेडवरून खालच्या बेडवर येणार नाही अशी चारी काढा. त्या कोपऱ्यात काम सगळ्यात शेवटी, आणि खुरपं-बूट धुऊन. पाणी वाफसा बघून, मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. टक्कल पडलेल्या जागेच्या कडेची जी चांगली रोपं आहेत त्यांना औषधाची आळवणी (मुळाशी ओतणं) केली तर थोडा उपयोग, तीही लेबलवरच्या प्रमाणात. आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीशी लढणारी मित्रबुरशी) सोडणार असाल तर कार्बेन्डाझिमच्या पाठोपाठ सोडू नका, ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे, ती आधी मरते. एकाच टाकीत दोन्ही कालवून सोडणारे लोक मी पाहिलेत, शप्पथ.

खताचं एक. नत्र अमोनियमच्या रूपात दिलं की मूळ ते घेताना आम्ल बाहेर टाकतं, मुळाभोवतीची माती आंबट होते, फ्युजेरियमला ती मानवते. नायट्रेटच्या रूपात दिलं तर उलट. फ्लोरिडात शेवंती आणि टोमॅटोवर चुना अधिक नायट्रेट नत्र असं करून मर बरीच कमी केलेली आहे. त्यामुळे आता अमोनियम सल्फेट वगैरे बंद, द्यायचंच तर थोडं कॅल्शियम नायट्रेट. कॅल्शियमने पेशीभिंतीतलं पेक्टिन घट्ट होतं, बुरशीच्या विकरांना जरा जड जातं. पण म्हणून भरमसाट नत्र नको, मऊ लुसलुशीत वाढ तिला आवडते.

त्या गाठी सूत्रकृमीच्या आहेत. बुरशीसाठी दार उघडून ठेवणारे तेच.

मावळ_पॉलिहाऊस

चुना ऐकून लोक उद्या पोती आणतील, तेवढं सांगा.

बुडखा_ते_शेंडा

बरोबर बोललात, घाईत राहिलं. पुरंदरच्या काळ्या जमिनीचा सामू (pH) बहुतेक सात-साडेसातच्या वरच असणार, तिथे चुना घातलात तर लोह-जस्त बंद होऊन पानं वेगळ्याच कारणाने पिवळी होतील आणि परत इथे प्रश्न येईल. माती परीक्षण करा आणि आंबट असेल तरच.

तांबडीमाती_कोकण

आमच्याकडे सामू साडेपाच-सहा, इथे चुन्याचा फरक पडतो हे खरंय. पुढच्या वर्षी तिथे काय लावावं हे पण सांगा की. झेंडू चालेल का? तो पण त्याच खानदानातला ना?

बुडखा_ते_शेंडा

खानदान एकच, सूर्यफुलाचं, पण अॅस्टरचा पोटप्रकार मुख्यतः अॅस्टरवरचाच. उलट झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी गाठी करणारे बरेचसे सूत्रकृमी कमी होतात, म्हणजे दोन कामं. पण एक वर्ष झेंडू घेतला आणि परत अॅस्टर असं नको. ती कवचातली बीजं अॅस्टर नसतानाही कितीतरी वर्षं टिकतात, पीक बदलल्याने संख्या घटते, संपत नाही.

त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये जागा मोकळी ठेवा. नांगरून, ढेकळं फोडून, भरपूर पाणी देऊन, वर पारदर्शक पातळ पॉलिथिन कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे. काळा मल्चिंग पेपर नाही, पारदर्शकच, ऊन आत जायला हवं. ओल्या मातीत उष्णता चांगली उतरते. वरचे काही इंच मस्त शेकून निघतात, खोलवरचं राहतं, म्हणून नंतर खोल नांगरट करून खालची माती वर आणू नका, केलेलं मातीमोल होईल. मग चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा आठ-दहा दिवस वाढवून बेडमध्ये मिसळा, तेव्हा जागा रिकामी असते, ती आधी जाऊन बसते.

आणि घरचं बी धरत असाल तर या प्लॉटचं धरू नका. ही बुरशी बियाबरोबर जाते.

गच्चीतली_बाग_ठाणे

मग माझ्या शेवंतीची माती? कुंडी आहे तशीच आहे, त्यात आता मिरची लावलीय.

बुडखा_ते_शेंडा

ताई, शेवंतीची असेल तर मिरचीला काही होत नाही, बिनधास्त खा. फक्त त्या मातीत परत शेवंती नको, आणि ती माती दुसऱ्या कुंडीत नको.

डोंगरकडा_२०गुंठे

उशिरा अपडेट देतोय, तोड्याची गडबड.

पिशवी उघडली तर बुडख्यावर फिकट गुलाबी बुरा, साबुदाण्याच्या पिठासारखा. आता शंका नाही. ३०० ची ६४० झाली आणि मग गेल्या सहा दिवसांत फक्त वीस-बावीस. पाणी ४० मिनिटांवर आणलं, तेही दिवसाआड. चारी काढली. जाळताना शेजारी आला, म्हणाला उन्हाने झालंय तर जाळतोस कशाला, त्याला रंगाची काडी दाखवली, गप्प झाला आणि जाऊन स्वतःच्या प्लॉटमधलं एक रोप कापून घेऊन आला. त्याच्यातही कडं आहे, अजून एकही मान पडलेली नसताना.

पहिला तोडा आज पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला गेला. कोपऱ्याजवळची फुलं सुटी विकली, मावळवाले दादा तुमचं ऐकलं. माती परीक्षणाला दिलीय. घरचं बी धरणार होतो ते रद्द.

एप्रिलसाठी २० गुंठ्याचं पारदर्शक पॉलिथिन लागेल. पॉलिहाऊसवाल्या कुणी छताचा कागद बदलला असेल आणि जुना फार धुरकट नसेल तर कळवा, टेम्पो घेऊन येतो. शेजारी म्हणतोय त्यालाही १५ गुंठ्याचा पाहिजे.